ऐझॉलचा २०१६-१७ चा हंगाम आणि आपल्या पेठा

मंगळवारचा_हाफबॅक | शनिवार, रात्री १०.२०

काल शाहू स्टेडियमवर मॅच संपल्यावर आम्ही चौघं नेहमीसारखं गाड्यावर चहा पीत थांबलो होतो. विषय निघाला, कोल्हापुरात एवढा फुटबॉल, तरी देशाच्या वरच्या लीगमध्ये आपली टीम का नाही? दर हंगामात एकदा तरी हा विषय निघतो आणि "राजकारण" या एका शब्दावर मिटतो. काल मी म्हटलं, ऐझॉलनं करून दाखवलं की. तर आमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं, वय एकोणीस, म्हणतंय, "ऐझॉल म्हंजे कोण ओ?" म्हणून हा धागा.

गोष्ट एक वर्ष आधीपासून सांगावी लागते. २०१५-१६ ला आय-लीग हीच देशातली अव्वल लीग. संघ नऊ. ऐझॉल एफसी मिझोरममधून तिथं पोचलेला पहिला संघ, आणि तो आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. आता खाली कोण जायला पाहिजे? पण डीएसके थेट प्रवेश घेऊन आलेला संघ, त्याला खाली ढकलायचं नाही असा नियम होता. गेला ऐझॉल. शेवटचा नंबर महाराष्ट्राचा आणि शिक्षा मिझोरमला.

मग फेडरेशननं लीगची नवी रचना पुढं आणली, त्यावर गोव्याचे क्लब बिनसले. साळगावकर आणि स्पोर्टिंग बाहेर पडले, दुसऱ्या श्रेणीतून वर येणारा धेंपोही आला नाही. जागा मोकळ्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं. म्हणजे जो संघ चॅम्पियन झाला तो मुळात लीगमध्ये नव्हताच!

कोच खालिद जमील. सात वर्षं मुंबई एफसीला होता, तिथनं सुटून थेट डोंगरात. येताना ओळखीची पोरं घेऊन आला, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जारयान, पुढं आयव्हरी कोस्टचा कामो बाई. बाकी बहुतेक सगळी मिझो पोरं. बजेट तेव्हा पेपरात दोन कोटींच्या आसपास यायचं. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांच्या पुढं हे म्हणजे चिल्लर.

जानेवारी २०१७ ला सुरुवात. दहा संघ, प्रत्येकी अठरा मॅच. पहिलीच मॅच ईस्ट बंगालच्या घरी, १-१. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. माझं लक्ष बेंगळुरूकडं होतं, सुनील छेत्रीमुळं. मार्च उजाडला तरी टेबलात वर ऐझॉल दिसायला लागला की वाटायचं, आता घसरेल, आता घसरेल.

२२ एप्रिल. ऐझॉलमध्ये मॅच, समोर कोलकात्याचा मोहन बागान. दोघांचे गुण सारखे. ८३ व्या मिनिटाला कॉर्नरवर झोमिंगलियाना राल्तेचं डोकं, १-० आणि खल्लास. मग शेवटच्या दिवशी, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये लाजाँगबरोबर फक्त बरोबरी पाहिजे. आणि नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकानं ऐझॉलवर गोल केला. तिकडं कोलकात्यात बागान चेन्नई सिटीला हरवायच्या मार्गावर. ऐझॉलची पोरं जवळजवळ तासभर मागं. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला. १-१. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं मी खुर्चीवर बसलो नाही. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आपली टीम हाय काय रं?" मी म्हटलं, न्हाई. "मग उभा का हाईस?"

प्रश्न एवढाच. ऐझॉल शहर काय आपल्यापेक्षा मोठं नाही. फुटबॉलचं वेड आपल्याला कमी नाही. मग काय कमी आहे? राजकारण हा शब्द न वापरता उत्तर द्या.

गंगावेशकर | शनिवार, रात्री १०.४१

पयला मी!

लेख वाचला नाही अजून, वाचून सांगतो. "मग उभा का हाईस" तेवढं वाचलं. आईला नमस्कार.

ऑफसाईड_काका | शनिवार, रात्री ११.०५

चांगलं लिहिलंय. दोन गोष्टी जोडतो. शेवटचं टेबल: ऐझॉल ३७, मोहन बागान ३६, ईस्ट बंगाल ३३, बेंगळुरू ३०. एका गुणानं विजेतेपद. आणि ज्या डिकानं शिलाँगकडून गोल करून सगळ्यांचा जीव वर काढला, तोच त्या हंगामात सगळ्यात जास्त गोल करणारा, अकरा.

दुसरी गोष्ट तुम्ही गाळली. खालिद ज्या मुंबई एफसीतनं गेला, तो संघ त्याच हंगामात तळाला राहून खाली गेला. आणि डीएसके शिवाजीयन्सही त्या हंगामानंतर बंद. महाराष्ट्रातले आय-लीगचे दोन्ही संघ एकाच उन्हाळ्यात नाहीसे झाले. ऐझॉलचा विजय आठवताना हे मला जास्त टोचतं.

पंचगंगेचा_मासा | शनिवार, रात्री ११.१८

भावा, राजकारण न म्हणता सांगतो. जर्सी.

समज उद्या कोणी शेठ आला आणि म्हणाला, ह्यो घ्या पैसा, कोल्हापूरची एक टीम करा. पहिल्या मीटिंगला जर्सीचा रंग कुठला ह्यावरनंच निम्मी उठून जातील. उरलेली निम्मी कॅप्टन कुठल्या पेठेचा ह्यावर. आपल्याकडं फुटबॉल बघायला कोण येत न्हाई गड्या, ईर्षा बघायला येतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी… आपल्या तालमी-मंडळांच्या टीमा, कुणाचंबी नाव घे, समोरच्याला हरवायला माणूस कामावर दांडी मारून येतो. "कोल्हापूर एफसी" विरुद्ध बेंगळुरू बघायला तो दांडी मारंल काय? मला न्हाई वाटत.

पुण्यात_अडकलेला | शनिवार, रात्री ११.५०

माशाशी सहमत, आणि पुरावा देतो. डीएसकेच्या मॅच मी बालेवाडीत जाऊन बघितल्यात. मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही मूठभर माणसं. पलीकडच्या स्टँडवर कोण खोकला तरी ऐकू यायचं. चांगले खेळाडू, चांगलं मैदान, वरच्या लीगचा सामना, पण हलगी नाही, शिव्या नाहीत, कुणाचा जीव वर-खाली होत नाही. मॅच संपली की माणसं पार्किंगकडं चालायला लागायची, जसं काही मॉलमधनं बाहेर पडतायत.

आणि आपल्याकडं केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगच्या साध्या मॅचला सुद्धा दोनच्या आधी जाऊन जागा धरावी लागते. देशाची लीग बघायला माणूस नाही आणि पेठेची मॅच बघायला माणूस मावत नाही, असला प्रकार.

गंगावेशकर | रविवार, सकाळी ७.३०

वाचला. (मिसळ खाता खाता वाचला, त्यामुळं मोबाईल तिखट झालाय.) भारी. पण एक विचारू? ऐझॉलला पेठा न्हाईत काय? सगळं गाव एक असंल तर सोपंच हाय की.

बदलीवाला | रविवार, सकाळी ९.१५

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहावं लागणार. मी मूळचा शिवाजी पेठेचा, बँकेत. २०१६ च्या दिवाळीनंतर माझी बदली ऐझॉलला झाली. घरात रडारड. नकाशात गाव शोधायला अर्धा तास लागला.

गंगावेशकर, पेठा आहेत. नुसत्या आहेत नाही, आपल्यापेक्षा कडक आहेत. त्यांच्या भाषेत वस्तीला "वेंग" म्हणतात. आख्खं शहर डोंगराच्या धारेवर, एक वेंग वर, एक खाली, रस्ते आपल्या पन्हाळ्याच्या घाटासारखे, फक्त ते कधी संपतच नाहीत. आणि क्लबांची नावं वेंगवरूनच. चानमारी, दिन्थर, बेथलेहेम वेंगथ्लांग, छिंगा वेंग. पहिल्यांदा त्यांच्या लीगचं वेळापत्रक वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं हे तर आपलंच हाय, नुसती नावं बदलली. त्यांची मिझोरम प्रीमियर लीग २०१२ ला सुरू झाली, तिथलं केबल चॅनेल ती घराघरांत दाखवायचं. माझी घरमालकीण, साठीच्या पुढची बाई, स्वयंपाक करता करता रेफ्रीला बोलायची.

म्हणजे ईर्षा होती. फक्त ती कुठं थांबवायची हे त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. पण हे माझं मत, मी तिथं पाहुणा होतो.

मंगळवारचा_हाफबॅक | रविवार, सकाळी ९.४०

काका, तुम्ही इतके दिवस गप्प का होता?! २२ एप्रिलच्या मॅचला होता काय?

बदलीवाला | रविवार, सकाळी १०.३०

काका म्हणू नका, चव्वेचाळीस वय आहे.

२२ ला होतो. शनिवार होता, पण चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. पूर्वेकडं अंधार लवकर पडतो, त्यामुळं तिथल्या मॅच दुपारी दोनला असायच्या. राजीव गांधी स्टेडियम गावापासून जरा बाजूला, मुआलपुईला, डोंगर कापून केलेलं, कृत्रिम गवताचं. आपल्यासारखी लाल माती उडत नाही. गोल झाला तेव्हा शेजारच्या माणसानं मला मिठी मारली, तो माझ्या शाखेत कर्ज मागायला यायचा आणि मी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. (नंतर मंजूर झालं. नियमात बसत होतं म्हणून, गैरसमज नको.)

३० एप्रिल मात्र वेगळा. तो रविवार. मिझोरममध्ये रविवार म्हणजे बाजार कडकडीत बंद, माणसं चर्चला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दबकून चालतं. किती तरी लोक आधीच शिलाँगला गेले होते, गाड्या करून, चारशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता. मी घरमालकिणीच्या टीव्हीसमोर. डिकाचा गोल झाल्यावर ती उठून आत गेली, बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं रागावली. प्रार्थना करत होती. बरोबरीचा गोल तिनं बघितलाच नाही, माझा आवाज ऐकून बाहेर आली. शिट्टी वाजली आणि रविवार असून गाव ओरडलं. डोंगरावर आवाज कसा घुमतो ते तिथं कळतं. खालच्या वेंगमधून सुरू झालेला वर येईपर्यंत वरचा खाली निघालेला.

राजारामपुरी_नंबर_सात | रविवार, दुपारी १२.१०

मस्त लिहिलंय दादा. माझा मुद्दा जरा कोरडा आहे, पण सांगतो. (हो, मी बाई आहे आणि "सांगतो" म्हणतो. कोल्हापूरच्या बाहेरचे वाचत असतील तर त्यांनी हसून घ्यावं.)

माझी मुलगी तेरा वर्षांची, लेफ्ट विंग खेळते. दोन वर्षांत मला एक गोष्ट दिसली. आपल्याकडं मोठ्या पोरांच्या मॅचला सगळं आहे, बारा-चौदाच्या पोरांना नियमित लीग किती? वर्षात मोजक्या स्पर्धा, त्याही नॉकआऊट. एक मॅच हरली की पोरगी घरी. खेळायला मिळतच नाही तर शिकणार कधी? तुमचा लाडका अनिकेत जाधव बघा. कोल्हापूरचा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, नंतर २०२१-२२ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. पण तो घडायला लहानपणी गाव सोडून पुण्याला गेला. इथं राहिला असता तर? कुठल्या तरी तालमीचा स्टार झाला असता, बॅनरवर फोटो लागला असता आणि तिशीत गुडघा धरून बसला असता.

आणि मुलींचं तर विचारूच नका. सरावाला मैदान संध्याकाळी सहाला मिळतं, साडेसहाला क्रिकेटवाले येतात.

पंचगंगेचा_मासा | रविवार, दुपारी १२.३५

ताई, तिशीत गुडघा धरून बसलेला मीच हाय. लागलं ते. पण खरं हाय.

ऑफसाईड_काका | रविवार, दुपारी १.२०

ताईंचा मुद्दाच खरा मुद्दा आहे. मिझोरमनं २०१४ ला संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, जिंकली, तेव्हाच चाहूल लागायला पाहिजे होती. ऐझॉलचं विजेतेपद आकाशातून पडलं नाही. पुढं त्याच मातीतली पोरं देशभरच्या क्लबांनी उचलली.

पण मंडळी, हंगामाची दुसरी बाजूही सांगा की. चॅम्पियन झाल्यावर मिळालं काय? त्याच उन्हाळ्यात ठरलं की आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी चालणार. बेंगळुरू आयएसएलमध्ये गेला. ऐझॉलनं जागा मागितली, मिळाली नाही. क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट रॉयते यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला होता, आठवतंय का? देशाचा विजेता संघ उपोषणाची भाषा करतोय, खाली ढकलू नका म्हणून! (हेच रॉयते पुढं मिझोरमचे क्रीडामंत्री झाले.) खालिद ईस्ट बंगालला गेला, अल अमनाही गेला, संघ फुटला. २०१९ ला आशियाई महासंघाच्या आराखड्यात आयएसएलवर अव्वल लीगचा शिक्का बसला. म्हणजे ऐझॉल मैदानात कुठंही न हरता दुसऱ्या पायरीवर आला.

खालिद मात्र पोचला. ऑगस्ट २०२५ पासून भारताचा कोच.

पुण्यात_अडकलेला | रविवार, दुपारी २.०५

म्हणून तर म्हणतो, वर जायचंच कशाला? वरच्या मजल्याचाच भरवसा नाही. गेल्या वर्षी बघितलं ना, २०२५ च्या जुलैत आयएसएलच थांबवली, कराराचा घोळ. देशातली अव्वल लीग, खेळाडूंना पुढची मॅच कधी ते माहीत नाही. त्याच्या आदल्या आय-लीगचा विजेता कोण हे ठरायला प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडं गेलं, मग इंटर काशीला ट्रॉफी. आपल्या केएसएच्या लीगचं वेळापत्रक ह्यापेक्षा वेळेवर लागतं राव.

मंगळवारचा_हाफबॅक | रविवार, दुपारी ३.१५

हे पटतं आणि पटतही नाही. वरचा मजला हलतोय म्हणून आपण तळमजल्यावरच राहायचं, हे हरलेल्या माणसाचं बोलणं झालं. आणि आता शिडी आहे. आय-लीग तीन, आय-लीग दोन, आय-लीग, मग आयएसएल. पंजाब एफसी २०२३ ला असाच वर गेला, मोहमेडन २०२४ ला. खालच्या पायरीला राज्य संघटनेकडून नाव जायला लागतं. शिवाय परवान्याची भानगड, वयोगटाचे संघ पाहिजेत, शिकलेला कोच पाहिजे, हिशेब पाहिजेत. ताई म्हणतायत ती लहान पोरांची लीग ह्या कागदामुळं तरी करावी लागेल.

बदलीवाले दादा, मला एक कळलं नाही. वेंगची एवढी ईर्षा, मग सगळ्यांनी मिळून ऐझॉल एफसी काढली काय? बैठक घेतली? जर्सी कुणी ठरवली?

बदलीवाला | रविवार, दुपारी ४.५०

तीच तर गंमत आहे. कुणी मिळून काही काढलं नाही. ऐझॉल एफसी त्यांच्याच लीगमधला एक क्लब. बाकीच्यांसारखाच. चानमारीशी खेळायचा, हरायचाही. २०१५ ला दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून वर गेला एवढंच. जर्सी त्याचीच, लाल. वर गेल्यावर इतर क्लबांतली चांगली पोरं त्याच्याकडं खेळायला लागली, आणि ज्या वेंगचा पोरगा आत, ती वेंग स्टँडवर. माझी घरमालकीण स्थानिक लीगमध्ये ऐझॉल एफसी हरावी म्हणून देव पाण्यात घालायची (चर्चमध्ये देव पाण्यात घालत नाहीत, पण तुम्हाला कळलं). आणि बागान आलं की तीच लाल मफलर काढायची. मी एकदा विचारलं, हे कसं? ती म्हणाली, आमचा सेंटरबॅक आहे ना त्यात.

पंचगंगेचा_मासा | रविवार, सायंकाळी ५.०२

म्हंजे एक तालीम वर जाणार, आणि बाकीच्या पेठा आपली पोरं देणार?

बदलीवाला | रविवार, सायंकाळी ५.०४

हो.

पंचगंगेचा_मासा | रविवार, सायंकाळी ५.०५

मग कुठली तालीम?

गंगावेशकर | रविवार, सायंकाळी ५.०६

झालं. आता बघा.

खंडोबाचा_भंडारा | रविवार, सायंकाळी ५.११

त्यात विचारायचं काय हाय. इतिहास बघा.

पाटाकडचं_पाखरू | रविवार, सायंकाळी ५.१२

इतिहास नगं, टेबल बघा.

दिलबहार_दिलदार | रविवार, सायंकाळी ५.१४

टेबल बघायचं तर मागच्या आठवड्याचा निकालबी बघा की. पेनल्टी नव्हतीच ती.

पाटाकडचं_पाखरू | रविवार, सायंकाळी ५.१५

नव्हती?? व्हिडिओ टाकू काय? पाय धरून पाडलाय त्याला.

राजारामपुरी_नंबर_सात | रविवार, सायंकाळी ५.३०

मी मुलीला सरावाला सोडून येतो. तोवर तुमची टीम ठरली तर सांगा.

ऑफसाईड_काका | रविवार, सायंकाळी ५.५२

पेनल्टी होती. मी त्याच स्टँडला होतो. पण ऑफसाईड त्याच्या आधी होता, ते कुणी बोलत नाही.

चहाच्या_गाड्यावरचा_एकोणीस | रविवार, रात्री ८.४०

नमस्कार, तो एकोणीस वर्षांचा मीच. अकाउंट आत्ताच काढलं. हाफबॅकदादानं माझी इज्जत काढलीय पहिल्याच पोस्टात, ते असू दे.

रात्री शिलाँगच्या मॅचचे हायलाइट्स बघितले. लालनुनफेलाचा गोल चार वेळा बघितला. गोल झाल्यावर तो पळत कुठं जातोय ते बघा, जल्लोष करायला नाही, बॉल उचलायला. बरोबरी पुरत होती तरी!

दादा, मी फुलेवाडीचा. वर जायला आमचं नाव अजून कुणी सुचवलं न्हाई, म्हणून सांगतो. मंगळवारी चारला मॅच हाय. या सगळे.